जिताड्याचा विलायती चुलतभाऊ

बाबा,

काल संध्याकाळी मी तीन किलोंचा मासा धरला आणि परत पाण्यात सोडून दिला. हे ऐकून तुमच्या कपाळावर जी आठी पडेल ती मला इथून दिसते आहे, म्हणून आधीच सांगून टाकलं. तुम्ही आयुष्यभर पोस्टात लोकांची पत्रं हाताळलीत, आणि तुमच्या मुलीला तुम्हाला एक मोठं पत्र लिहायला तुम्ही गेल्यावर एकवीस वर्षं लागली. हे कुठे टाकायचं नाहीच आहे. तेव्हा अक्षर गिचमिड आहे, समास सोडलेला नाही, पिनकोड नाही, यावर पोस्टमास्तरांनी काही बोलायचं कारण नाही. मला फक्त त्या माशाचं काय झालं ते तुम्हाला नीट सांगायचं आहे. इथल्या तळ्यावर टिकायचं असेल तर धरलेला मासा सोडावा लागतो, आणि तुमची मुलगी म्हणवून घ्यायचं असेल तर तो सोडून चालत नाही. तीन वर्षं मी या दोन्ही गोष्टी एकदम जमवायला बघत होते.

तळं लंडनजवळच्या स्लाऊ गावाबाहेर, मोटरवेच्या पलीकडे आहे. पूर्वी तिथून बांधकामासाठी खडी काढायचे. खडी संपली, खड्डा राहिला, त्यात पाणी साठलं आणि होता होता त्याचं रीतसर तळं झालं. वरून सारखी विमानं जातात. माशांना त्याचं काही नाही आणि आता मलाही नाही. मी तिथे पोहोचले ती कामामुळे. मी डिस्ट्रिक्ट नर्स आहे, म्हणजे लोकांच्या घरी जाऊन ड्रेसिंग करायचं, इंजेक्शनं द्यायची. एका म्हाताऱ्याच्या पायाची जखम काही केल्या भरत नव्हती, आठवड्यातून दोनदा त्याच्याकडे जायचे. तो त्या तळ्याचा बेलिफ. आपल्याकडे बेलिफ म्हटलं की जप्तीच आठवते, पण इथे तळ्याच्या राखणदारालाही बेलिफ म्हणतात. ड्रेसिंग सोडवताना दुखायला लागलं की हा माशांबद्दल बोलायला लागायचा. एक दिवस त्याने फोनवर फोटो दाखवला आणि माझ्या हातातली पट्टी हातातच राहिली. "हा तर जिताडा!" मी चक्क मराठीत ओरडले. म्हातारा शांतपणे म्हणाला, "नो, नर्स. झँडर."

जिताडा नव्हता, हे नीट बघितल्यावर मलाही कळलं. जिताड्यापेक्षा लांबोडा, अंगावर पुसट पट्टे, तोंडात पुढे दोन सुळे. पण पाठीवरचा तो काटेरी पंखा तसाच, आणि डोळे तर थेट आपल्या तळ्यातले. आतून कुणीतरी दिवा लावल्यासारखे. तुम्ही उन्हं कलल्यावर पाण्यात ज्या डोळ्यांकडे बोट दाखवायचात तेच डोळे मला इंग्लंडमधल्या एका कौन्सिलच्या फ्लॅटमध्ये, एका दुखऱ्या पायाशेजारी दिसले. मी त्याला तिथल्या तिथे जिताड्याचा चुलतभाऊ ठरवून टाकलं. शास्त्रात बसो न बसो. म्हातारा म्हणाला, पाय बरा झाला की येऊन बघ. इतकं मन लावून मी कुणाचीच जखम भरली नसेल.

तुम्ही साडेपाचला पोस्टातून येता. सायकल पडवीत लावता, शर्ट काढून शेवग्याच्या फांदीला अडकवता, आणि चहासुद्धा न घेता गळ घेऊन मागच्या तळ्यावर जाता. मी मागोमाग. तळ्यात शेवाळ इतकं की पाणी कमी आणि हिरवं जास्त. तुम्ही काठीने एक खिडकीएवढी जागा मोकळी करता आणि तिथेच गळ सोडता. मग बोलायचं नाही. दोरी माझ्या बोटावरून पाण्यात गेलेली असते. ती हलते, मी ओढायला जाते, आणि तुम्ही दबक्या आवाजात म्हणता, "सैल सोड. सैल सोड गं. त्याला कळू देऊ नकोस आपण आहोत ते." दिवसभर पोस्टात तुमचं कुणाशी जमायचं नाही, पावती आणली नाही म्हणून सख्ख्या भावाला रांगेतून परत पाठवणारे तुम्ही. तळ्यावर मात्र तुमच्याइतका धीर धरणारं माणूस मी दुसरं बघितलं नाही. झँडरलाही तसंच लागतं, बाबा. लाइनला जरा ताण जाणवला की आमिष थुंकून मोकळा होतो. म्हातारा मला पहिल्या दिवशी ओरडला, "स्लॅक, नर्स! गिव्ह हिम स्लॅक!" आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं, ओरडल्याचं वाईट वाटलं. पुढचे दोन आठवडे तो माझ्याशी फार जपून बोलत होता.

आता ती दुसरी गोष्ट. मी अकरा वर्षांची, मे महिना, तळं उपसायचा दिवस. पाणी गुडघ्याएवढं उरलंय, काठावर शेवाळाचे ढीग, सगळी आळी चिखलात उतरलेली. टोपलीत जिताडे उड्या मारतायत आणि मला राखण करायला बसवलंय. त्यातला एक अगदीच छोटा, माझ्या वितीएवढा, तोंड उघडून माझ्याकडे बघतो. मी त्याला उचलते आणि उपसलेलं पाणी साठलेल्या बाजूच्या खाचरात नेऊन सोडते. तुम्ही हे सगळं बघितलेलं असतं. तुम्ही हात उगारला नाहीत, आवाजही चढवला नाहीत. एवढंच म्हणालात, "जे खायचं नाही ते धरायचं नाही. आणि धरलं ते खायचं. अन्नाशी खेळ केलेला मला चालणार नाही." दुपारी पानावर सगळ्यांना कालवण आणि मला नुसता भात नि मीठ. आईने डोळे वटारले तरी तुम्ही ऐकलं नाहीत. पण तुमच्या पानातली तुकडी तुम्हीही खाल्ली नाहीत, तेही मी बघितलं होतं. संध्याकाळी ती वाटीत झाकून माझ्यासाठी ठेवलेली निघाली. मी ती रडत रडत खाल्ली आणि ती फार छान लागली, हेही सांगते.

तर अशा माणसाच्या मुलीने इंग्लंडच्या तळ्यावर मेंबरशिप घेतली आणि पहिल्याच दिवशी तिला नियमांचा कागद मिळाला. सगळे मासे परत सोडायचे. म्हणजे धरायचा, मॅटवर ठेवायचा, गळ काढायचा, वजन करायचं, फोटो काढायचा, आणि जपून पाण्यात. तुम्ही ज्याला अन्नाशी खेळ म्हणायचात तोच खेळ, छापील नियमांसकट. मला पहिले काही महिने हसावं की रडावं कळत नव्हतं. पण त्यांचं ते जपणंही बघण्यासारखं असतं. मॅट आधी ओली करायची, कोरड्या हाताने माशाला शिवायचं नाही, गळ काढायला आम्ही वॉर्डात वापरतो तसलाच चिमटा. माझे हात आपोआप कामाला लागले. म्हातारा म्हणाला, मी इतकी वर्षं इथे आहे, माशाला "झालं हं, झालं" म्हणणारी तू पहिलीच. मी मनाशी सोय लावून घेतली होती: हे तळं माझं नाही, नियम त्यांचा आहे, आणि नियमापुढे बाबांनी सख्ख्या भावालाही परत पाठवलं होतं. सोडणारी मी नाही, सोडणारा नियम. दर वेळी मासा सोडताना मी हे तुम्हाला मनातल्या मनात सांगायचे. तुम्ही गप्प असायचात, म्हणजे पटलेलं नसायचं.

घरी तुमच्या जावयांचा वेगळाच सत्याग्रह. तुम्हाला आठवत असेल, ते पहिल्यांदा आपल्याकडे आले तेव्हा तुम्ही तळ्यात दीड वर्ष राखून ठेवलेला जिताडा काढला होतात, डोकं त्यांच्या पानात वाढलं होतंत, आणि पुण्याच्या त्या शाकाहारी मुलाने अर्धा तास त्याच्याकडे बघत बटाट्याची भाजी खाल्ली होती. तेव्हा तुम्ही आईला आत जाऊन म्हणालात, "मुलगा चांगला आहे, पण खाईल काय?" अजूनही तेच खातात. गेल्या वर्षी फ्रीज उघडला तर श्रीखंडाच्या डब्याला लागून आमिषाच्या माशांची पिशवी. आपल्या मांदेलीएवढे ते मासे, मलाच तळून खावेसे वाटतात. "अगं, हे काय आहे? हे फूड आहे की बेट?" "बेट आहे." "मग बेटसाठी वेगळा फ्रीज घे ना. गराजमध्ये ठेव. शेडमध्ये ठेव. धिस इज माय श्रीखंड!" मी म्हटलं, घेते. घेतला नाही. आता ते श्रीखंड वरच्या कप्प्यात ठेवतात आणि त्याबद्दल शेजाऱ्यांकडे तक्रार करतात.

गेल्या वर्षी मी मोठा घोटाळा केला. शरद ऋतूत सगळे मेंबर मिळून तळ्यातलं शेवाळ आणि पाणगवत काढतात. लांब दांड्यांची दाताळी पाण्यात फेकायची, दोरीने ओढायची, काठावर ढीग लावायचे. मला तर माहेरी आल्यासारखं झालं. दुपारी खायला प्रत्येकाने काहीतरी आणायचं असतं. मी विचार केला, इतके मासे धरणारे लोक, यांना मासाच न्यावा. पहाटे उठून सुरमईच्या जाड तुकड्या मसाला लावून, रव्यात घोळवून तळल्या, डबा भरला. झाकण उघडलं आणि सगळे आधी डब्याकडे, मग माझ्याकडे बघायला लागले. सेक्रेटरीने फार सभ्यपणे विचारलं, "अँड वेअर डिड धिस कम फ्रॉम?" मी अभिमानाने म्हटलं, "स्लाऊ!" माझ्या डोक्यात तो फ्रोजन माशांचा दुकानदार. त्यांच्या डोक्यात तळं. तो खाकरला आणि म्हणाला, तुझ्याबद्दल नाही म्हणत, पण काही लोक तळ्यातले मासे घरी नेतात, यू अंडरस्टँड. समजलं. "काही लोक" म्हणजे कुठून आलेले लोक हेही समजलं. इतकी वर्षं इथे काढली, यांच्या घरांतली म्हातारी माणसं मी पुसली, धुतली, आणि आज माझ्या डब्याकडे असं बघतात, म्हणून मला खरंच राग आला. मी म्हटलं, "हा समुद्रातला मासा आहे. आणि तुमचा झँडर मी चोरला असता ना, तर त्याचं कालवण केलं असतं, तळून वाया घातला नसता."

म्हातारा असा हसला की त्याला धरून बसवावं लागलं. सेक्रेटरी लाल झाला, माफी मागितली. त्यानंतर जे कळलं ते तुम्हाला खरं वाटणार नाही. त्या सोळा-सतरा जणांतल्या निम्म्यांना मासा आवडतच नाही! जन्मभर मासे धरतायत आणि तोंडाला लावलेला नाही. म्हातारा स्वतः फक्त चिपीमधला, म्हणजे फिश-अँड-चिप्सच्या दुकानातला, कॉड खातो, तोही काटा नसेल तर. त्या दिवशी त्याने चार तुकड्या खाल्ल्या, मग हळूच विचारलं, "अँड धिस कालवन, व्हॉट इज इट?" मी सांगितलं. तुमच्याबद्दल सांगितलं, तळ्याबद्दल, राखून ठेवलेल्या जिताड्याबद्दल, तुमच्या नियमाबद्दल. तो ऐकत राहिला.

आणि या ऑगस्टमध्ये तो मुद्दाम माझ्या जागेपर्यंत चालत आला. कमिटीची मीटिंग झाली होती. झँडर मूळचा इथला नव्हे, बाहेरून आणून सोडलेला, तो फार वाढलाय, बारके मासे संपवतोय. तेव्हा यापुढे प्रत्येक मेंबरला वर्षाला एक झँडर घरी न्यायची परवानगी. "आय टोल्ड देम समबडी वुड नो व्हॉट टू डू विथ इट," तो म्हणाला. त्याने हे माझ्यासाठी मांडलं होतं, बाबा. ज्याला मासा आवडत नाही त्या माणसाने. मी घरी येऊन लगेच एजवेअरच्या मैत्रिणीकडून चिंच आणि आपल्याकडचा लाल मसाला मागवला. आलं-लसूण वाटून फ्रीजरमध्ये ठेवलं. गाडीच्या डिकीत बर्फाची पेटी ठेवली ती ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत तिथेच. तुमचे जावई म्हणाले, "एकदाचा मिळू दे तो मासा, मला डिकीत शॉपिंग ठेवता येत नाही."

काल मिळाला. चार वाजलेत, ऊन तिरपं झालंय, थंडीने गवत बसायला लागलंय आणि दोन झुपक्यांमध्ये दाराएवढी मोकळी जागा आहे. लाइनला बांधलेला फ्लोट पाण्यावर उभा आहे. मग तो बुडत नाही, नुसता बाजूला सरकायला लागतो, कुणी बोटाने ढकलावा तसा. मी लाइन सोडते. सोडते. मग रीळ वळवते, आणि पलीकडे वजन. तो सरळ गवतात घुसतो आणि सगळं थांबतं. ओढलं तर लाइन तुटणार. म्हातारा मागे येऊन उभा राहिलाय. मी रॉड खाली ठेवते, लाइन पूर्ण सैल सोडते आणि बसते. दहा मिनिटं तरी गेली असतील. मग तो आपणहून बाहेर येतो, त्याला वाटतं आपण सुटलो. मी जाळी खाली घालते.

त्याला ओल्या मॅटवर ठेवला, वजन केलं. तीन किलो, शंभर-दोनशे ग्रॅम वरच. चिमट्याने गळ काढला. त्याच्या डोळ्यांत तो दिवा लागलेला होता. म्हातारा खिशातून घडी घातलेली पिशवी काढून म्हणाला, "धिस वन्स युअर्स, नर्स. टेक हिम होम." बर्फ डिकीत, मसाला फ्रीजरमध्ये, परवानगी कागदावर. नियम मध्ये नव्हता. पहिल्यांदाच मी आणि मासा, आणि आमच्या मध्ये कुणी नाही. मी मनात पान वाढून बघितलं. जावई खाणार नाहीत. लेक मँचेस्टरला, तिला फोनवर फोटो पाठवला तर म्हणेल, "आई, किती क्यूट आहे तो, सोड ना त्याला." राहिले मी. आणि मला भूक नव्हती, बाबा. मला तो मासा खायचा नव्हता, मला तो तुम्हाला दाखवायचा होता. बघा, धरला आणि खाल्ला, अजून तुमचीच आहे, असं सांगण्यासाठी मी एक जीव घेणार होते. मी त्याला जाळीत घेऊन काठावर गुडघ्यांवर बसले, पोटाखाली हात धरला, तोंड पाण्याकडे केलं. "झालं हं," म्हटलं. त्याचे कल्ले दोन-चारदा हलले, मग शेपटी माझ्या मनगटावर आपटून तो गेला. म्हाताऱ्याने पिशवीची पुन्हा घडी घातली. मग मला थर्मासमधला चहा ओतून दिला.

घरी आले तर सगळ्या खिडक्या सताड उघड्या, उदबत्ती लावलेली आणि तुमचे जावई कोट घालून सोफ्यावर. वासाची तयारी. "कुठाय मासा?" "सोडला." "सोडला? अगं मग मी इथे फ्रीज होत का बसलोय?" आम्ही खिडक्या लावल्या, वरण-भात लावला, आणि मला इतकं हसू येत होतं की शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या.

तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. आठ माणसांचं घर होतं आपलं, तळ्यात मासा असेल तर पानात कालवण असायचं, तिथे तुमचाच नियम बरोबर. मी तो काल मोडला, समजून-उमजून, आणि मला अजून वाईट वाटलेलं नाही. जेवताना मी तेच बघत होते, आता वाटेल, मग वाटेल. नाही वाटलं. मग रात्रीचं पान उचलताना लक्षात आलं की तुम्हाला बरं वाटावं म्हणून काहीतरी करायची ही मला जुनी सवय आहे. तुम्ही दर रविवारी फोन करायचात आणि पहिला प्रश्न हाच असायचा, "करमतं का गं तिथे?" मी म्हणायचे, "कसलं करमतंय, बाबा." मग तुमचा आवाज हलका व्हायचा, तुम्ही समजूत घालायचात, थोडी वर्षं काढ मग ये परत, म्हणायचात. तुम्हाला ते ऐकायचं असायचं, म्हणून मी दर रविवारी तेच म्हटलं. हॉस्पिटलमधून तुम्ही केलेल्या शेवटच्या फोनवरसुद्धा.

ते खोटं होतं. मला इथे पहिल्या हिवाळ्यापासून करमत होतं, बाबा.